तीन रविवारांतला एकच तुमचा

गुरुजी, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. चिपळूणहून तुम्ही दोघं ठाण्याला, घोडबंदर रोडला लेकीकडे राहायला आला आहात. वहिनींचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालंय. आता नवी मुंबईच्या रुग्णालयात दर तीन आठवड्यांनी एक असे केमोचे चार डोस ठरलेत आणि पहिला गेल्या बुधवारी झाला. तुमचे धाकटे बंधू डोंबिवलीत, वहिनींची बहीण कोपरखैरण्यात, मामेभाऊ पनवेलला, आणि सगळेच ‘कधी येऊ’ म्हणून फोन करतायत. नातवाला आजीबरोबर फिरायचंय. फ्लेमिंगो, घारापुरी, सिद्धिविनायक, एखादं नाटक अशी यादी तयार आहे. शिवाय दुसऱ्या डोसनंतरच्या दुसऱ्या रविवारी डोंबिवलीत पुतणीचं लग्न आहे. कोणाचंही मन न दुखावता हे सगळं कसं बसवायचं, असं तुम्ही विचारलंय.

सगळं बसणार नाही. पण तुम्हाला भीती वाटतेय त्याच्यापेक्षा बरंच जास्त बसेल. नवी मुंबईत केमो-रेडिएशनसाठी बाहेरगावाहून येणाऱ्या कुटुंबांच्या तारखा, राहणं, येणं-जाणं लावून देणं हेच माझं कित्येक वर्षांचं काम आहे. माझा अनुभव असा की हिशेब चुकतो तो फिरण्यामुळे नाही, भेटीगाठींमुळे. बागेत माणूस दमला की उठून घरी येतो. घरात पाहुणे बसलेले असताना उठून आत जाऊन झोपायची सोय आपल्याकडच्या बाईला नसते. म्हणून फिरायला हात सैल ठेवा, पाहुण्यांच्या बाबतीत आवळा. लोक नेमकं उलट करतात.

आता कॅलेंडर काढा आणि पहिल्या डोसचा बुधवार हा पहिला दिवस धरा. तीन आठवड्यांच्या चक्रात शरीर साधारण एका ठरावीक चालीने चालतं. औषधागणिक फरक पडतो आणि वहिनींना कोणतं औषध चाललंय ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा हे डॉक्टरांना दाखवूनच पक्कं करा.

पहिले दोन-तीन दिवस फसवे असतात. उलटी होऊ नये म्हणून डोसबरोबर बहुधा स्टेरॉइड देतात. त्याने माणसाला तरतरी येते, झोप उडते, गाल जरा लाल दिसतात. गुरुवारी कोणी बघायला आलं तर म्हणतं, ‘अगं, तू तर ठणठणीत!’ आणि मग शुक्रवार-शनिवारकडे स्टेरॉइडचा जोर ओसरतो, अंग गळून जातं, तोंडाला कडवट-लोखंडी चव येते, फोडणीचा वास सहन होत नाही. म्हणजे पहिला रविवार, डोसपासूनचा पाचवा दिवस, गेलाच.

दुसऱ्या आठवड्यात उलट प्रकार. जेवण जायला लागतं, चेहरा खुलतो, घरात हिंडणं-फिरणं सुरू होतं आणि सगळ्यांना वाटतं की आता बरं आहे, बोलवा लोकांना. पण साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली गेलेल्या असतात. बाहेरून काही दिसत नाही, आत मात्र जंतूंशी लढायला माणसं कमी. दुसरा रविवार हा बारावा दिवस, म्हणजे ऐन मधला. तोही गेला.

पंधराव्या दिवसापासून पेशी वर येतात, ताकद येते. एकोणिसाव्या दिवशी तिसरा रविवार. मग सोमवार-मंगळवारी रक्ततपासणी आणि बुधवारी पुढचा डोस.

म्हणजे तीन रविवारांतला एकच तुमचा आहे. आणि नोकरी करणाऱ्या नातेवाइकांना रविवारच मोकळा असतो. तुमच्या प्रश्नाची खरी गाठ इथे आहे. सुटते ती अशी: तिसऱ्या आठवड्याचा रविवार माणसांना द्या, त्याच आठवड्याचे गुरुवार-शुक्रवार फिरण्याला. तुम्ही निवृत्त आहात, आडवारी फिरू शकता. आडवारी गर्दी नसते, आणि वहिनींना या दिवसांत कशापासून जपायचं असेल तर ते गर्दीपासून. नातवाची शाळा आड येईल, तर एखादा दिवस शाळा सुटल्यावर जवळपासचं काही करा.

नातेवाइकांना काय सांगायचं? ‘येऊ नका’ म्हणायला जीभ रेटत नाही हे मला माहीत आहे. त्याऐवजी तारीख द्या. ‘अमुक रविवारी सकाळी साडेदहाला या’ असं म्हटलं की नकार दिल्यासारखं वाटत नाही आणि समोरचाही खूश होतो. हे फोन वहिनींनी करायचे नाहीत, तुम्हीही नाही. जावयांनी करावेत. जावयाच्या घरी यायचं म्हटल्यावर लोक आपोआप वेळ पाळतात, हा आपल्याकडचा एक फायदा आहे, तो घ्या.

आणि घरीच भेटलं पाहिजे असं कुठे आहे? घरची भेट कशी होते ते तुम्ही पाहिलेलं असेल. अकराला येतो म्हणणारी मंडळी साडेबाराला येतात, कारण घोडबंदर रोडला मेट्रोची कामं आणि कापूरबावडीचा सिग्नल. बेल वाजली की वहिनी पलंगावरून उठणार, डोक्याला रुमाल बांधणार, साडी सारखी करणार. लेक चहा टाकत असेल तरी ‘साखर जास्त घाल गं, भाऊजींना लागते’ म्हणत स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहणार. मग गाठ कधी लागली, कोणत्या डॉक्टरांनी काय सांगितलं, किती टाके पडले, हे पहिल्यापासून. ते संपतं न संपतं तोच खाली गाडी लावायला गेलेले भाऊजी वर येतात आणि त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून. जेवणं होतात. ऊन आहे, ट्रॅफिक आहे, म्हणून मंडळी चारपर्यंत बसतात. सगळे प्रेमाने आलेले असतात, कोणाचंच काही चुकलेलं नसतं, आणि सोमवारी वहिनी उठू शकत नाहीत.

त्यापेक्षा उपवन तलावावर किंवा कचराळी तलावाच्या बाकांवर सकाळी आठ-साडेआठला भेटा. उघड्यावर हवा खेळती असते, तासाभरात ऊन चढतं आणि भेट आपोआप संपते. चहा करायला कोणाला उठावं लागत नाही. तलावपाळीही चांगली, मासुंदा तलाव आणि कोपिनेश्वराचं दर्शन एका फेरीत होतं; फक्त सोमवार टाळा. एक जपायचं: जिथे कबुतरांना दाणे टाकतात तिथे बसू नका. कबुतरांच्या विष्ठेतून उडणारे बुरशीचे कण एरवीही फुप्फुसांना बरे नाहीत, प्रतिकारशक्ती उतरलेल्या माणसाला तर नाहीच. घोडबंदरच्या उंच इमारतींत गॅलऱ्यांमध्ये कबुतरांनी उच्छाद मांडलेला असतो. लेकीच्या गॅलरीला जाळी नसेल तर फिरायच्या यादीआधी ते काम उरका, आणि गॅलरी धुताना वहिनींना आतल्या खोलीत बसवा.

तब्येतीची बातमी रोज फोनवर सांगत बसू नका. आठवड्यातून एकदा चार ओळींचा मेसेज जावयांनी सगळ्यांना पाठवावा. भेटायला येणाऱ्याला आधीच सगळं ठाऊक असलं की गप्पा लग्नाच्या, साड्यांच्या, गावच्या आंब्याला मोहोर किती आला याच्या होतात. वहिनींना त्याच हव्या असतात.

सर्दी-खोकला, ताप, अंगावर पुरळ असलेल्याने तिसऱ्या आठवड्यातही यायचं नाही. यात मुलं सर्वांत महत्त्वाची. नातवाच्या वर्गात कांजिण्या निघाल्याचं कळलं आणि तो आजीजवळ येऊन गेला असेल, तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. एरवी नातवाला आजीपासून तोडू नका. बाहेरून आला की हात साबणाने धुवायचे, कपडे बदलायचे आणि मग खुशाल कुशीत शिरायचं. उचलून मात्र घ्यायचं नाही. ज्या बाजूचं ऑपरेशन झालंय आणि काखेतल्या गाठी काढल्या आहेत त्या हाताने जड उचलायचं नाही, त्या हातावर सुई किंवा रक्तदाबाचा पट्टा घ्यायचा नाही, हे तुम्हाला सांगितलेलं असेलच. फिरायला जाताना पर्सही दुसऱ्या खांद्यावर.

आता डोसचा दिवस. त्या दिवशी दुसरं काहीही ठरवायचं नाही. सकाळी फाइल जमा करणं, वजन, डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सही करणं, औषध तयार होऊन येणं, मग डे-केअरमध्ये सलाइन. प्रत्यक्ष औषध दोन-तीन तासांचं असलं तरी दिवस जातो. सर्वांत मोठा धोका या दोन शब्दांचा: ‘वाटेवरच आहे’. ठाण्याहून नवी मुंबईला जाताना कोपरखैरणे वाटेवरच आहे, परतताना पाच मिनिटं डोकावू, बहिणीला बरं वाटेल. मग पाच मिनिटांचा दीड तास होतो, ठाणे-बेलापूर रस्त्यावर संध्याकाळची गर्दी लागते, विटाव्याच्या पुलाखाली गाड्या तुंबतात आणि उलटीचं औषध उतरत असताना वहिनी गाडीत अडकतात. बहिणीला भेटायचंच असेल तर तिला डे-केअरच्या बाहेर येऊ दे. डबा घेऊन येईल, तुम्ही जेवून घ्याल, आत सोडत असतील तर दहा मिनिटं भेटेल. डब्यात काय आणावं तेही सांगते. वहिनींच्या आवडीचं त्या दिवशी आणू नये. डोसच्या दिवशी खाल्लेल्या पदार्थाची मळमळीशी सांगड बसते आणि पुढे कित्येक महिने तो पदार्थ नको होतो. आवडती सांदणं, घावणे तिसऱ्या आठवड्यासाठी राखा. त्या दिवशी साधा मऊ भात, वरणाचं पाणी, फार तर कोकमाचं सार.

जाण्या-येण्याचं बघू. जाताना ट्रेन चालेल, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची पनवेल गाडी पकडली की नवी मुंबईतली बहुतेक स्थानकं थेट. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांना प्रवास करता येतो, रुग्णालयाचा कागद जवळ ठेवा. कोणी ‘तुम्ही तर धडधाकट दिसता’ म्हणालं की वाद न घालता तो दाखवायचा. परतीला मात्र गाडीच करा.

दोन फेऱ्या वाचवता येतात आणि त्या वाचवा. डोसनंतर चोवीस तासांनी पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन सांगितलं असेल, तर ते ठाण्यात घराजवळ घेतलं तर चालेल का हे विचारा. चालत असेल तर फक्त त्याची थंड साखळी सांभाळायची: दोन ते आठ अंश, म्हणजे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, बर्फाच्या खणात नाही, आणि आणताना बर्फाच्या पाकिटांसोबत. त्या इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस कंबर, मांड्या, छातीचं हाड दुखतं. घाबरू नका, पण सांगा. दुसरी फेरी रक्ततपासणीची. घराजवळच्या लॅबमधला रिपोर्ट रुग्णालयाला चालतो का ते विचारून घ्या. चालला तर तिसऱ्या आठवड्यातला एक अख्खा दिवस मोकळा झाला. आणि रिपोर्टमध्ये पेशी पुरेशा वर आल्या नसतील तर डोस काही दिवस किंवा आठवडाभर पुढे जातो. हे घडतं, त्यात वावगं काही नाही, पण आख्खं कॅलेंडर सरकतं. म्हणून पैसे परत न मिळणारं कोणतंही बुकिंग करू नका, तिकीट असो की हॉटेल.

सातव्या ते चौदाव्या दिवसात ताप आला तर काय, हे आजच ठरवा. थर्मामीटर पलंगाशेजारी. 100.4 फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअस, किंवा त्याच्या वर गेला की ती तातडीची वेळ, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत बघू, असं नाही. घोडबंदरहून नवी मुंबईपर्यंत रात्री धावायचं की ठाण्यातल्या जवळच्या मोठ्या रुग्णालयात आधी जायचं, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा आणि नाव-नंबर फ्रीजवर चिकटवा. सोबत जायची फाइल पिशवीत भरून दाराजवळ. या आठ दिवसांत वहिनींना अशा ठिकाणी नेऊच नका जिथून रुग्णालय गाठायला तासाच्या वर लागेल.

हे झालं की फिरण्याचं सोपं आहे. फ्लेमिंगोंसाठी तुम्ही अगदी मोक्याच्या हंगामात आलात, नोव्हेंबरपासून मेपर्यंत ते ठाण्याच्या खाडीत असतात. ऐरोलीला वनखात्याचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोटीने खाडीत नेतात. बोटीची वेळ भरतीवर ठरते, तेव्हा आधी चौकशी करून तिसऱ्या आठवड्याच्या आडवारची सकाळची फेरी मिळते का ते बघा. खाडीचा हा पट्टा 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला. मास्तरांच्या नातवाला तेवढं माहीत असलेलं बरं. उन्हाला जपा. केमो चालू असताना कातडी लवकर रापते, टोपी, पूर्ण बाह्या आणि डॉक्टरांनी चालेल म्हटलेलं सनस्क्रीन हवं.

नातवासाठी माझी पहिली पसंती नवी मुंबईच्या मेट्रोला. बेलापूर ते पेंधर, अकरा स्थानकं, नोव्हेंबर 2023 पासून सुरू. भर दुपारी गाडी बऱ्यापैकी रिकामी असते, वातानुकूलित, बसायला जागा, खिडकीतून खारघरचे डोंगर. सेंट्रल पार्क स्थानकावर उतरून बागेत थोडं बसायचं आणि त्याच मार्गाने परत. आजीला पायपीट नाही, नातवाला ट्रेन. पांडवकडा धबधब्याचा बेत कोणी सुचवला तर हसून सोडून द्या, या दिवसांत तिथे पाणीच नसतं.

ज्या दिवशी अंगात त्राण नाही पण घरात जीव कोंडतो, अशा दिवसासाठी गाडीतली चक्कर ठेवा. संध्याकाळी अटल सेतूवरून जाऊन या. जवळपास बावीस किलोमीटर आहे, त्यातला बराचसा समुद्रावर. काचेआडून सगळं दिसतं आणि कोणाशी बोलावं लागत नाही. पुलावर गाडी थांबवायला बंदी आहे आणि मध्ये स्वच्छतागृह नाही, तेव्हा निघण्याआधी घरून जाऊन या. डोसनंतर पाणी भरपूर प्यायला सांगितलेलं असतं, हे विसरू नका.

नाटक बघायला हरकत नाही. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह तुम्हाला जवळ पडेल. तिसऱ्या आठवड्यातला शनिवार, कडेची खुर्ची, मास्क, आणि मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत तुम्ही एकटे. वडा गरम असेल तर वहिनींसाठीही आणा. बाहेरचं खाणं म्हणजे पाणीपुरी, कापून ठेवलेली फळं, उसाचा रस, बर्फ हे चारही डोस होईपर्यंत बंद. समोर तळलेलं, वाफाळतं असेल ते एखादवेळी चालतं.

सिद्धिविनायकाला मंगळवारी आणि संकष्टीला जायचं नाही, आणि शक्यतो या काळात नाहीच. तिथे आडवारीही रांगेत माणूस माणसाला चिकटून असतो. नवस बोललेला असेल तर तुम्ही जाऊन या. गणपतीला चालतं.

घारापुरी मी यादीतून काढेन. सोमवारी लेणी बंद असतात हे एक, गेटवेहून बोटीला तासभर लागतो हे दुसरं, धक्क्यापासून पुढे चढायच्या शंभराहून जास्त पायऱ्या हे तिसरं. पण खरं कारण हे की बेटावर अचानक ग्लानी आली तर परतीचं तुमच्या हातात काही राहत नाही. शेवटच्या डोसनंतर महिनाभराने डॉक्टरांना विचारून बघा.

लग्नाचं सांगते. दुसऱ्या डोसनंतरचा दुसरा रविवार म्हणजे त्या चक्राचा बारावा दिवस. बंद हॉल, तीन-चारशे माणसं, प्रत्येक जण जवळ येऊन हात हातात घेणार. वहिनींनी जाऊ नये. आणि लग्नासाठी डोस पुढे ढकला असं तुम्ही स्वतःहून सुचवूही नका. ऑपरेशननंतरच्या केमोचं वेळापत्रक डॉक्टर उगाच हलवत नाहीत. त्याऐवजी पुतणीचं केळवण करा. पहिल्या चक्राचा तिसरा रविवार लग्नाच्या बरोबर दोन आठवडे आधी येतो. मुलगी, तिचे आईवडील आणि बास. ताटाभोवती रांगोळी, ओटी, साडी, सगळं वहिनींच्या हातून होऊ दे, फक्त स्वयंपाक बाहेरून मागवा किंवा लेकीने करावा. लग्नात काकू गर्दीत कुठेतरी बसलेली असती. इथे पुतणी तिच्यासमोर पाटावर बसेल. लग्नाच्या दिवशी तुम्ही एकटे जा, अक्षता टाका, जेवून या. लेक आईजवळ थांबेल आणि व्हिडिओ कॉलवर मंगलाष्टकं ऐकवता येतील.

यात एक अडचण आहे आणि ती तुम्हाला कोणी सांगितलेली नसेल. बऱ्याच औषधांत पहिल्या डोसनंतर दोन ते तीन आठवड्यांनी केस गळायला लागतात. म्हणजे अंगात ताकद आलेली असते नेमकं तेव्हा उशीवर केसांचे पुंजके दिसतात. केळवणाच्या रविवारी वहिनी कदाचित म्हणतील, मला कोणाला तोंड दाखवायचं नाही. तसं झालं तर आग्रह करू नका, केळवण लेकीने करावं. पण तयारी आधी ठेवा: मऊ सुती रुमाल, आणि हवं असेल तर आत्ताच केस आखूड कापून घ्या, गळताना त्रास कमी वाटतो. नातवाला आधी सांगून ठेवा, मुलं सांगितलं की पटकन स्वीकारतात. घरच्या सगळ्यांचा एकत्र फोटो याच आठवड्यात काढा.

तुम्ही स्वतः दुसऱ्या आठवड्यात बाहेर पडा. वहिनी घरात, लेक किंवा जावई सोबत, आणि तुम्ही एकटे डोंबिवली, पनवेल करून या. दोघांच्या वतीने एक जण गेला तरी नात्यात चालतं, आणि तुमचाही जीव जरा मोकळा होतो. येताना खोकत आलात तर मात्र वेगळ्या खोलीत झोपा.

चार डोस झाले की पुढे रेडिएशन सांगतील किंवा नाही, किंवा दर आठवड्याचं औषध सुरू करतील. तेव्हा हे गणित बदलतं. रेडिएशन सोमवार ते शुक्रवार रोज, स्तनाच्या बाबतीत बऱ्याचदा तीनएक आठवडे, शनिवार-रविवार मोकळे. पेशी केमोइतक्या खाली जात नाहीत, थकवा मात्र शेवटाकडे साठत जातो, म्हणून माणसं सुरुवातीच्या रविवारी बोलवा. रोज घोडबंदरहून ये-जा करण्यापेक्षा तेवढे दिवस बहिणीकडे कोपरखैरण्यात राहता येईल का ते बघा. तेव्हा मात्र ‘वाटेवरच आहे’ हे खरोखरच उपयोगी पडेल.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या पत्रात बंधूंना काय हवंय ते आहे, नातवाला काय हवंय ते आहे, घारापुरीसुद्धा ‘मुलगी म्हणते हिला आवडेल’ अशी आली आहे. वहिनींना काय हवंय ते कुठे दिसलं नाही. त्यांना एकटं असताना विचारा. माझ्या कामात या प्रश्नाला कितीतरी बायकांनी एकच उत्तर दिलंय: दोन-तीन रात्री आपल्या घरी जाऊन येते. झाडांना पाणी, शेजारणी, स्वतःचा ओटा.

वहिनीही तेच म्हणाल्या तर ते अशक्य नाही. पहिल्या चक्रात नको, शरीर कसं वागतं ते आधी बघू द्या. दुसऱ्या चक्राचा सोळावा दिवस, गुरुवार, पेशी तपासून डॉक्टर हो म्हणाले तर ठाण्याहून किंवा पनवेलहून कोकण रेल्वेची दिवसाची गाडी पकडा आणि रविवारी दुपारपर्यंत परत या, म्हणजे सोमवार-मंगळवारची रक्ततपासणी चुकत नाही. त्या वेळी ठाण्यातला पाहुण्यांचा रविवार रद्द करावा लागेल, तो करा. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठीच्या प्रवासात रेल्वे स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सवलत देते, सोबतच्या एकाला पाऊण. ठरावीक नमुन्यातला दाखला रुग्णालयातून मिळतो, पुढच्या डोसच्या बुधवारी फाइल जमा करतानाच मागून ठेवा. चिपळूणला शेजारच्यांना आधी फोन करून घर झाडून, पाणी भरून ठेवायला सांगा. बंद घराची धूळ वहिनींनी काढायची नाही.